विसरणारी कॅसेट

“हवालदार पाठवू नका, साहेब. वरचा माणूस पाठवा. माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे.”

मंगळवारी सकाळी पाथर्डीच्या ठाण्यात राधाकृष्ण शेठचा फोन आला, तेव्हा सहायक फौजदार आसाराम चहा पीत होते. ज्याची इज्जत खरोखर गेलेली असते तो माणूस एवढ्या मोठ्याने बोलत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी चहा संपवला आणि मगच निघाले.

दुकान बाजारतळाच्या कडेला होतं. पाटीवर लिहिलेलं : ‘जुने मोबाईल, जुने गेम. शंभर टक्के ओरिजिनल.’ पाटीहून मोठा होता सप्ताहाचा फ्लेक्स. त्यावर कीर्तनकार महाराज अंगठ्याएवढे आणि सौजन्याचे राधाकृष्ण शेठ पुरुषभर उंच. सप्ताह रविवारी संपला होता. शेठ अजून हात जोडून उभेच होते.

सप्ताहातली कीर्तनं आसारामांनी ड्यूटी सांभाळून ऐकली होती. रविवारी महाप्रसादाची पंगत वाढून त्यांचे खांदे अजून दुखत होते. चांगलं कीर्तन ऐकलं की माणसं त्यांना बरी दिसायला लागत. हा परिणाम एरवी आठवडाभर टिके. शेठने तो दारातच उतरवला.

“हा बघा चोर!” शेठने बोट दाखवलं.

बोटाच्या टोकाला कल्याण उभा होता. विशीतला, काटक, भीतीने पांढरा पडलेला. ऊसतोडीच्या टोळीत वाढलेला हा मुलगा नुकताच पोलीस भरतीत निवडला गेला होता. त्याच्या पायाशी त्याची आई लंकाबाई जमिनीवर बसली होती.

“चोर न्हाई म्हनायचं,” ती म्हणाली. “माझ्या पोराची चारित्र्याची चौकशी यायची हाय. गुन्हा लागला तर नोकरी गेली त्याची.”

“मग खोटा माल विकताना आठवलं नाही का नोकरीचं?” शेठ म्हणाला.

काउंटरपाशी उभी असलेली तरुणी वैतागून म्हणाली, “आधी माझी तक्रार ऐका. तुमच्या दुकानाविरुद्ध मी ग्राहक न्यायालयात जाणार म्हटल्यावर तुम्हाला हा मुलगा चोर दिसायला लागला.”

ती सुकन्या, गावातल्या बँकेत बदली होऊन आलेली अधिकारी. तिने काड्यापेटीएवढी प्लॅस्टिकची कॅसेट काचेवर ठेवली. हातात धरून खेळायच्या जुन्या गेमयंत्राची ती कॅसेट होती.

“काय बिघडलंय हिचं?” आसारामांनी विचारलं.

“बनावट आहे. काल दुकान उघडल्या उघडल्या घेतली, संध्याकाळी कळलं. तिरपी धरून बघा. खऱ्या कॅसेटच्या कागदावर दोन आकडे हलकेच दाबलेले असतात. इथे कागद सपाट. खऱ्याचा स्क्रू तीन पाकळ्यांचा. हा साधा, चार फाट्यांचा. रंगही बघा, लग्नाच्या मांडवासारखा भडक.”

“आणि खेळताना?”

“विसरते. कुठवर खेळलो ते खरी कॅसेट जपून ठेवते. हिच्यात मी पुन्हा पुन्हा सेव्ह केलं, पण बंद करून लावली की पाटी कोरी.”

आसारामांनी कपाटातल्या बाकीच्या कॅसेटी तिच्यासमोर ठेवल्या. तिने एकेक तिरपी करून पाहिली आणि बाजूला सारली.

“सगळ्या तसल्याच.”

“पाहिलंत?” शेठचा आवाज चढला. “शनिवारी यानेच आणून दिल्या. मी भोळा माणूस. पोरगं गरिबाचं, म्हणून विश्वासाने घेतल्या.”

“मी दिल्या त्या खऱ्या होत्या, साहेब,” कल्याण म्हणाला. “सांगलीकडं तोडीला गेल्तो तेव्हा बाजारातनं एकेक जमवलेल्या. ट्रेनिंगला निघालो, म्हणून विकल्या.”

“या गेमच्या दुसऱ्या कॅसेटी दुकानात होत्या का, शेठ? एखादी अदलाबदल झाली असेल.”

“छे! याने दिली तेवढी एकच. तीच कपाटात ठेवली, तीच बाईंना विकली. हात लावला असेल तर देव बघून घेईल.”

देवाला कामाला लावणारे साक्षीदार आसारामांनी बरेच पाहिले होते. त्यांनी विचारलं, “कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे?”

“माझ्याकडे, आणि आमच्या मेकॅनिककडे. हर्षल.”

आतल्या टेबलामागून हर्षल उठला. खांदे पडलेला, सोल्डरिंगच्या धुराने डोळे लाल झालेला.

“रविवारी दुकान उघडं होतं?”

“दुपारनंतर, साहेब. मी एकटाच होतो. कॅसेटी लावून बघितल्या, फोटो काढला, दुकानाच्या नंबरावर स्टेटसला टाकला. मग संध्याकाळी बंद करून घरी गेलो.”

“घरी कोण होतं?”

“कुणी न्हाई. बायको माहेरी. मी झोपलो.”

“म्हणजे बघणारं कुणी नाही.”

“न्हाई.” हर्षलने मान खाली घातली.

शेठ आसारामांच्या कानाशी आला. “साहेब, पोरगा वाईट नाही, पण स्क्रूड्रायव्हर याच्याच हातात असतो. त्या कल्याणची चूक नसेल, तर याची चौकशी करा. मी काही म्हणत नाही.”

“तुम्ही कुठे होता रविवारी संध्याकाळी?”

शेठची छाती फुगली. “हे काय विचारणं झालं? सप्ताहाची सांगता! शेवटच्या दिवशीच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत होतो. संध्याकाळपासून आरती होईपर्यंत हललो नाही. महाराजांनी स्वतः नारळ दिला. डोळ्यांतून पाणी आलं बघा.”

“काय सांगितलं महाराजांनी?”

“सगळं... भक्तीचंच.”

“व्हय, कीर्तनात भक्तीचंच असतं,” आसाराम म्हणाले.

काउंटरवर ‘अन्नदान’ लिहिलेली लाकडी पेटी होती. आसारामांनी खिशातून एक नाणं काढून फटीत टाकलं आणि कान दिला. लाकडावर पडल्याचा नाही, नाण्यांवर पडल्याचाही नाही. टपकन, बोदा आवाज आला.

“अजून जमा करताय? सप्ताह तर संपला.”

“धर्माला काय संपणं, साहेब.”

“किल्ली?”

“माझ्या करगोट्याला. देवाचा पैसा आहे. दुसऱ्याच्या हाती देत नाही.”

आसारामांनी सुकन्याकडे वळून विचारलं, “ही कॅसेट इथे विकायला आहे, हे तुम्हाला कळलं कसं?”

“त्या स्टेटसवरून. हा बघा, मी फोटो ठेवून घेतला होता.”

फोटोत याच काउंटरवर गेमयंत्रात हाच गेम चालू होता. पडद्यावर दोन ओळी. वर ‘कंटिन्यू’, खाली ‘न्यू गेम’. आसारामांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. मग सुकन्याला तिची कॅसेट लावायला सांगितलं. पडदा उजळला. ओळ एकच होती. ‘न्यू गेम’.

“शेजारच्या दोघा दुकानदारांना पंच म्हणून बोलवा,” ते हर्षलला म्हणाले. “आणि शेठ, तुम्ही बसा. तुम्हाला बसूनच ऐकावं लागेल.”

पंच आले. दारात गर्दी जमली. आसारामांना गर्दीसमोर बोलायला आवडत नसे, पण आज त्यांनी दार लावून घेतलं नाही.

“पहिली गोष्ट. ‘कंटिन्यू’ ही ओळ केव्हा दिसते, ताई?”

“आत आधीचा खेळ जपून ठेवलेला असेल तरच.”

“आणि तुमच्या कॅसेटला काही जपताच येत नाही. म्हणजे रविवारी दुपारी इथे होती ती कॅसेट खरी. कल्याणने दिलेली. शेठ स्वतः सांगतायत, या गेमची दुसरी दुकानात नव्हती. मग सोमवारी सकाळी विकली ती कुठून आली? रविवारी दुपारनंतर कपाट उघडून कुणीतरी अदलाबदल केली. किल्ल्या दोघांकडे.”

“मी तेच म्हणत होतो!” शेठ उठला. “हर्षल!”

“बसा म्हटलं ना. हर्षलला फसवायचं असतं, तर त्याने ‘कंटिन्यू’ दाखवणारा फोटो गावभर केला नसता. तो पुरावा त्यानेच दिलाय. तुम्हाला तो कळला नाही, कारण विकता त्या मालाकडे तुम्ही कधी बघितलंच नाही. आता तुमचं कीर्तन.”

आसारामांचा आवाज खाली आला. त्यांना ओळखणारे शिपाई या आवाजाला घाबरत.

“शेठ, सप्ताहात रोजचं कीर्तन रात्री, पण शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं. ते सकाळी होतं. कृष्ण आणि गोपाळांचा काला, मग दहीलाह्या, मग महाप्रसाद. फ्लेक्सवर पुरुषभर उभं राहायला तुमच्याकडे जागा होती, पण कीर्तनाला यायला सवड नव्हती. रविवारी संध्याकाळी तिथे कीर्तन नव्हतं, आरती नव्हती. मांडवाचे बांबू सोडत होते. सतरंज्या गुंडाळायला मी होतो. नारळ तुम्हाला कुणी दिला? मांडववाल्याने?”

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

“माझी... वेळेत चूक झाली,” शेठ पुटपुटला.

“तुमच्या देवाचीही झाली असेल. किल्ली काढा.”

“देवाच्या पेटीला हात लावू नका, साहेब! लोकांच्या भावना—”

“नाणं टाकलं तेव्हा ते प्लॅस्टिकवर पडलं. मला ताल कळतो, शेठ. किल्ली.”

पेटी पंचांसमोर उघडली. वर आसारामांचं एकुलतं नाणं होतं. खाली कॅसेटी, पुण्याचा पत्ता लिहिलेलं रिकामं पार्सल पाकीट, आणि दान म्हणावं असं काहीही नाही.

सुकन्याने त्या तिरप्या धरल्या. कागदावर दाबलेले आकडे. तीन पाकळ्यांचे स्क्रू. तिने एक कॅसेट यंत्रात लावून ‘कंटिन्यू’ दाबलं. खेळातला नायक तलवार घेऊन उभा राहिला. डोक्यावर इंग्रजी अक्षरांत नाव.

“लंका,” तिने वाचलं.

लंकाबाईने मान वर केली. “मला कोन बोलवतंय?”

“आई, तिथं नाव टाकायला लागतं,” कल्याणचे कान लाल झाले. “सुचलं ते टाकलं.”

“मला लढायला लावलंस व्हय रं?”

आसारामांनी तोंड फिरवून घेतलं आणि शेठकडे पाहिलं. “पुण्याला शौकीन लोक खऱ्या जुन्या कॅसेटीला दहापट देतात, बरोबर? म्हणून खऱ्या तिकडे, आणि नकली आधीच मागवून इथल्यांसाठी. रविवारी संध्याकाळी मोकळ्या दुकानात बदलल्या. या बाई तक्रार घेऊन परत आल्या, तेव्हा दोष टाकायला पोरगं शोधलं. त्याची नोकरी गेली असती तरी तुम्हाला घास गोडच लागला असता.”

शेठचा चेहरा आता फ्लेक्सवरच्यासारखा राहिला नव्हता. “इथल्या लोकांना काय फरक पडतो, साहेब? ऊसतोड्यांना ओरिजिनल काय आणि डुप्लिकेट काय! ही बाई बाहेरून आली नसती तर...” तो थांबला. दारातली गर्दी एक पाऊल आत आली होती. मग हात जोडत म्हणाला, “मिटवून टाकू. पुढच्या सप्ताहाची पंगत पूर्ण माझ्याकडे.”

“तुमच्या घरचा घास त्या पंगतीत पडू नये, एवढंच बघणार आहे मी. चला. चपला घाला. ठाण्यात फ्लेक्स लावत नाहीत.”

पंचांच्या सह्या झाल्या. हर्षलने न सांगता दुकानाचा दिवा मालवला. शेठला जीपमध्ये मागच्या बाकावर बसवलं.

कल्याण अजून भिंतीला टेकून होता. “साहेब, तक्रारीत माझं नाव राहिलं असेल ना?”

“खोटी तक्रार केल्याबद्दल त्याच्यावर लिहिणार आहे. त्यात तुझं नाव येईल. साक्षीदार म्हणून.”

“आन् चारित्र्याची चौकशी?” लंकाबाईने विचारलं. प्रश्न विचारतानाही ती उठली नव्हती.

“ती याच ठाण्यात येते, माय. माझ्या टेबलावर. निष्कलंक लिहितो.”

लंकाबाईने पदराने तोंड पुसलं. जमिनीवर हात टेकून उठली आणि पोराच्या पाठीत एक चापट मारली.

“भित्ताडाला काय चिकटलास? चल. तुझी पिशवी भरायचीय अजून.”