गुणदास सीयाची खुर्ची

सभेच्या दिवशी अम्मा पांढरी साडी नेसली. बसमध्ये ती माझा हात सारखी धरत होती, सोडत होती.

"केवढा घाम येतोय तुझ्या हाताला," मी म्हटलं.

"तू गप्प बस."

आमची वस्ती पाडायचा ठराव आज मताला येणार होता. अम्मा त्याच वस्तीतून कोलंबोच्या महापालिका सभेत निवडून गेलेली. पण काल पक्षाचे विजेतुंग घरी आले, चहा प्यायले आणि उठताना अम्माला म्हणाले, "मालनी अक्का, विरोधात हात वर करायचा नाही. नाहीतर पुढचं तिकीट विसरा."

टाऊन हॉलच्या दारात शिपायाने मला अडवलं. "शाळा नाही का गं?"

"सोडली. तुम्ही पूर्ण केलीत ना? मग दार उघडा."

वरच्या सज्ज्यातून सगळं दिसतं. भिंतीवर गोऱ्या साहेबांचे जुने फोटो. अम्माच्या शेजारी गुणदास सीयाची, म्हणजे गुणदास आजोबांची, खुर्ची. म्हातारा मागच्या महिन्यात गेला. नवा माणूस शपथ घेईपर्यंत खुर्चीवर पांढरं कापड घालतात, पुढे पाण्याचा ग्लास ठेवतात.

सीया त्या फोटोंकडे बोट दाखवून अम्माला म्हणायचा, "यांच्या काळी मत फक्त घरमालकाला. माझी आई यांची घाण डोक्यावरून वाहायची. आता हात मिळालाय, पोरी, तर वर कर." तरीही अम्मा घाबरायची. मग तोच पान लावता लावता चुन्याच्या बोटांनी तिचं कोपर धरून हात वर करायचा. सभेत हशा. कोणीतरी ओरडायचं, "अक्काच्या सांध्यात तेल घाला."

आज कोणी हसत नव्हतं.

"ठरावाच्या विरोधात?" महापौरांनी विचारलं.

हात वर झाले. अम्माचे दोन्ही हात पदराखाली. मी ओरडणारच होते.

तेवढ्यात तिचं कोपर हललं.

आधी कोपर वर गेलं. हात मागून, लुळा, बोटं खाली लोंबलेली.

अम्मा स्वतःच्या हाताकडे बघत होती.

एका मताने ठराव पडला. विजेतुंग उठून बाहेर गेले.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "शाब्बास, अम्मा."

"मी नाही उचलला."

तिच्या कोपरावर पांढरे डाग होते. चार बोटं, एक अंगठा.

"भिंतीचा चुना लागला असेल," मी म्हटलं. घरी आल्या आल्या तिने नळावर साबण लावून कोपर घासलं, लाल होईपर्यंत. मग न जेवताच चटईवर पडली आणि झोपली.

वस्तीत फटाके वाजत होते. रविंदु, माझा धाकटा भाऊ, भाताचं पातेलं घेऊन बसला. "अजून भात कोणाला हवा?"

माझं पोट भरलं होतं. मी नको म्हणून मान हलवली.

चटईवर अम्माचं कोपर हललं.

हात हळूहळू वर आला. ती घोरत होती.

मी जवळ जाऊन कोपराला बोट लावलं. चुना ओला होता.