थरथरणारं स्टेरिंग

आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. तापीजवळच्या राजपुऱ्यात आमच्या अप्पांचं, शालिग्राम मिस्त्रींचं, मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. मी, त्यांची लेक मनकर्णा, त्यांच्याबरोबरीनं काम करायची.

एका सकाळी देडतलाई गावची जीप दारात थांबली. केळीच्या बागा असलेल्या घरातला अरविंद उतरला.

"मिस्त्री आहेत?"

"मी आहे ना. बोला."

तो हसला... "पुढच्या ब्रेकचे ड्रम मी स्वतः बदलले. तेव्हापासून स्टेरिंग थरथरतंय."

"नुसतं पळताना, की ब्रेक दाबल्यावर?"

"ते... आता तुमच्यासमोर आठवेना."

"मग बसा बाजूला. मी चालवते."

तापीकडच्या रस्त्यानं गाडी मजेत पळाली. ब्रेक दाबला मात्र, स्टेरिंग हातात थडथडलं! त्यानं घाबरून माझ्या हातावर हात ठेवला... आणि चटकन काढून घेतला.

"दोष ड्रमचाच दिसतो," मी म्हणाले.

दुकानात येऊन ड्रम काढला. मागे, ड्रम जिथं टेकतो तिथं, जुना गंज तसाच होता. नवा ड्रम त्यावर तिरपा बसला होता. दोघांनी मिळून गंज घासला. त्याचा पांढरा सदरा काळा झाला. गाडी पुन्हा पळवली, ब्रेक दाबला — स्टेरिंग शांत!

मग दर आठवडी बाजाराला जीप दारात.

"आज काय झालं गाडीला?"

"काहीच नाही. म्हणून तर काळजी वाटली!"

असंच एकदा तो दुकानात बसलेला असताना आमची आत्या मालूबाई मला बघायला खंडव्याचे पाहुणे घेऊन आली. मुलाचे काका माझ्या तेलानं माखलेल्या हातांकडे बघून म्हणाले, "मुलगी पसंत आहे. पण लग्नानंतर हे काळे हात चालायचे नाहीत."

अप्पांची मान खाली गेली. मला ते सहन होईना.

"मग हे लग्नच चालायचं नाही," मी म्हणाले.

आत्या "अगं, अगं" करत राहिली. पाहुणे उठले. तेवढ्यात अरविंद पुढे झाला. कानापर्यंत लाल.

"अप्पा, मला चालतील हे हात... म्हणजे — असेच हवेत. मनकर्णाबाईंना मी चालत असेन तर..."

अप्पांनी मान वर केली. "तिलाच विचारा. या दुकानाची अर्धी मालकीण आहे ती."

चारचौघांत हे ते पहिल्यांदाच बोलले होते. अरविंद श्वास रोखून बघत होता.

"हो," मी म्हणाले, दारापर्यंत गेलेल्या पाहुण्यांनाही ऐकू जाईल असं.