मैना कुणाच्या मागं पळते?

“उजव्या शिंगाला गुलाबी आणि डाव्याला हिरवा!”

“हट्! दोन्ही गुलाबी! हिरोच्या शर्टासारखा एकदम भडक!”

“सार्थक, म्हैस आहे ती. हिरो नव्हे!”

१९९७ सालचा दिवाळी पाडवा. सकाळचे सात वाजले होते. उचगावात हुपरी रस्त्याला लागून असलेल्या गोठ्यासमोर मैना म्हैस निवांत रवंथ करत उभी होती आणि तिच्या शिंगांवरून तिघांची जोरदार भांडणं चालली होती. ब्रश होता बारा वर्षांच्या अक्षताच्या हातात. गुलाबीचा हट्ट होता तिच्या धाकट्या भावाचा, म्हणजे सार्थकचा. त्याच्या दोन्ही खिशांत पैलवानांची ट्रम्प कार्डं कोंबलेली असायची. तिसरा शेजारचा प्रसेनजीत. तो आठवीत होता, आणि त्याच्या मनगटावरचं तीस रुपयांचं डिजिटल घड्याळ दर तासाला ‘पीप’ करायचं.

“प्रसेन!” कुंपणापलीकडून त्याच्या आईची, मीनाताईंची हाक आली. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. “फराळ केलास का? आणि हे पाच रुपये ठेव. सगळी एकेक रुपयाची नाणी आहेत. कुठंही गेलास, तर आधी लाल डब्यावरून फोन करायचा!”

“आई, मी गोठ्यात आहे! आपल्या दारातून दिसतो!”

“असू दे. ठेव खिशात!”

सार्थक फिदीफिदी हसला. प्रसेनजीतनं नाणी मुकाट्यानं खिशात टाकली.

पाडव्याला इथं म्हशी पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढं सुटतो आणि त्याच्या मागं नटलेली म्हैस, ना दोरी ना चाबूक, नुसती जीव तोडून धावते. मैदानाच्या टोकाला मालकानं हाक दिली, की ती पुढचे दोन्ही पाय उचलून उभी राहते! गेली तीन वर्षं पहिला नंबर मैनाचाच. आणि मैना होती अक्षताची. रेडकू असतानाच मैनाची आई गेली. तेव्हा अक्षतानंच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

तेवढ्यात अक्षताचे वडील, बाळासो, नव्या मोटरसायकलवरून आले. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी जुनी राजदूत एका मेस्त्रीमार्फत विकली होती आणि चाळीस हजारांची ही गाडी घेतली होती.

“लिटरला ऐंशी पळती!” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. “आनि आवाज? शिलाई मशीन बरं! जुनी नुसती पेट्रोल प्यायची.”

“आबा, बघू या की एकदा पळवून!” सार्थक म्हणाला.

बाळासोंनी गाडी सुरू केली. “चल मैने! हुर्र!”

मैना चार पावलं चालली आणि थांबली. शेपटीनं माशी हाकलली. पुन्हा रवंथ!

“मैने! अगं ए!”

मैनानं मान दुसरीकडं फिरवली. रस्त्यावरची माणसं हसायला लागली. बाळासोंचे कान लाल झाले. “आज पंधरा-वीस दिवस हेच चाललंय,” ते पुटपुटले. “नजर लागली, दुसरं काय!”

बरोबर नऊ वाजता प्रसेनजीतच्या घड्याळानं ‘पीप’ केलं, आणि दहा मिनिटांनी गोठ्यात धाडकन आवाज झाला. मैनानं दावं तोडलं होतं! अर्ध्या रंगवलेल्या शिंगांनी ती रस्त्यावर उतरली आणि कोल्हापूरच्या दिशेनं उधळली!

“मैना! थांब!” अक्षता अनवाणीच धावत सुटली.

समोरून उसाचा ट्रक येत होता. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. मैना त्याला घासून पुढं गेली आणि पुलापाशी जाऊन उभी राहिली. ती कोल्हापूरकडं बघत हंबरत होती. अक्षतानं तिच्या गळ्याला मिठी मारली.

मागून धापा टाकत बाळासो आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“तिसऱ्यांदा दावं तोडलं ह्या आठवड्यात. आज तू ट्रकाखाली गेली असतीस, अक्षू! बास झालं. हंबीररावाला फोन करतो. मैदानात पळली तर ठीक. न्हाईतर आज सांजच्याला ती त्याच्या गोठ्यात!”

हंबीरराव म्हणजे हुपरीचे म्हशींचे व्यापारी.

“आबा, नको ना!”

“आबा-बिबा काय न्हाई! म्हैस परत घेता येती. पोरगी मिळती व्हय परत?”

अक्षता मैनाला घेऊन मुकाट परत निघाली. डोळे पुसत होती, पण कुणाला दिसू न देता.

“अक्षू,” प्रसेनजीत हळूच म्हणाला, “मला एक गोष्ट कळत नाही. जी म्हैस सकाळी पाच पावलं पळेना, ती आत्ता अर्धा किलोमीटर पळाली. वेडी असती तर कुठंही गेली असती. ही सरळ रस्त्यानं गेली. कुणाच्या तरी मागं!”

“पण कुणाच्या?”

तिघंही थबकले. समोरच ज्ञानूमामांचं पंक्चरचं दुकान होतं. आख्खा हुपरी रस्ता त्यांच्या डोळ्यांखालून जायचा.

“मामा, मैना सुटली तेव्हा इथनं कोण गेलं?” अक्षतानं विचारलं.

“तोच की! लाल राजदूतवाला, हुपरीचा आकाराम!” ज्ञानूमामा ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाले. “पैंजणं घिऊन कोल्हापुरात, सराफांच्या गुजरीत जातोय. न्हेमी दुसऱ्या रस्त्यानं जायचा, तिकडं काम निघाल्यापासनं इकडनं जातोय. मागं म्हैस बघून आज असा सुटला, टोपी उडाली तरी वळून बघितलं न्हाई!”

“राजदूत?” प्रसेनजीतचे डोळे चमकले.

“आमची काळी होती,” सार्थक म्हणाला.

“ही बी काळीच होती, लेका! हवा भरताना बघितलं मी. वरनं लाल रंग मारलाय, मडगार्डखाली काळा तसाच हाय. आनि सायलेन्सर आतनं पोकळ. तुझ्या बानं पाडव्यासाठी केलता तसला.”

तिघंही एकदम ओरडले, “आपली गाडी!”

ते धावतच घरी गेले. पण बाळासोंनी अर्धंच ऐकलं.

“म्हैस गाडी वळखती व्हय रं? ती मला वळखती! तीन वर्षं माझ्या मागं पळली ती, का त्या डबड्याच्या?” त्यांचा आवाज जरा कापला. “जावा. किल्ला करा, फटाके उडवा. मोठ्यांच्यात बोलू नका!”

तिघं अंगणात आले. मातीच्या किल्ल्यावर मावळे उभे होते. पण आज त्यांच्याकडं कोण बघतंय!

“गुजरीत जायचं,” अक्षता म्हणाली. “त्या काकांना शोधायचं. चारला म्हशी सुटतात.”

“आधी आईला सांगायचं,” प्रसेनजीत म्हणाला.

मीनाताईंनी सगळं ऐकून घेतलं. तीन प्रश्न विचारले, अक्षताच्या आईशी बोलून आल्या आणि तिघांनाही चपला घालायला लावल्या. “के.एम.टी.च्या बसनं जायचं, के.एम.टी.नंच यायचं. कुणाच्याही गाडीवर बसायचं नाही. पोचल्यावर फोन!”

गुजरीत पाडव्याची ही गर्दी! सोन्या-चांदीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. कॅसेटच्या दुकानाबाहेर भला मोठा स्पीकर धडाडत होता. प्रसेनजीतनं लाल डब्यात नाणं टाकलं. “आई, पोचलो... हो... हो, हात धरलेत... ठेवतो!”

“सापडली!” सार्थक किंचाळला. रसवंतीशेजारी लाल राजदूत उभी होती. आणि पायरीवर बशीतून चहा फुरकत बसला होता एक किडकिडीत माणूस. डोक्यावर टोपी नव्हती.

“आकारामकाका?” अक्षतानं विचारलं. “आम्ही उचगावचे. ती म्हैस आमची.”

आकारामच्या हातातली बशी हिंदकळली. “कुटं हाय? आलीया व्हय हितं?”

“नाही, नाही! ती गोठ्यात आहे.”

“मी काय केलंय तिचं? आठ दिवस मागं लागलीया! घरात झोपलो तरी सपनात शिंगं दिसत्यात!”

“काका, ती तुमच्या मागं लागत नाही. गाडीच्या लागते. ही आमची जुनी गाडी आहे. चार वाजता फक्त दहा मिनिटं उचगावच्या मैदानात आणा. ती पळाली नाही, तर आज तिला विकणार आहेत.”

“इकनार?” आकारामनं सुटकेचा निःश्वास टाकला. “बेस झालं! इकू दे की! रस्ता मोकळा!”

अक्षताचा चेहरा उतरला. सार्थक मात्र खिशातली कार्डं पिसत सहज म्हणाला, “हंबीररावकाका घेणार हायत. हुपरीचे.”

आकारामचा घोट घशातच अडकला. “कोन हंबीरराव? म्हशीवाला?”

“व्हय.”

“अरं देवा! त्याचा गोठा माझ्या परड्याला लागून हाय! गाडी तर मी दारातच सुरू करतोय!”

“मग ती रोज सकाळी तुमच्या दारातच!” सार्थक म्हणाला.

आकाराम ताडकन उठला. “किती वाजता म्हनलासा? चार?”

चार वाजले. मैदान माणसांनी फुललं होतं. हलग्या कडाडत होत्या. मोरपिसं, कवड्यांच्या माळा, पाठीवर रंगीत नक्षी! एकेक म्हैस नवरीसारखी सजून आली होती. मैनाची दोन्ही शिंगं गुलाबी होती. आज सार्थकला कोण नाही म्हणणार?

बाळासोंचा नंबर आला. नवी गाडी निघाली. मैना जागची हलली नाही. लोक ओरडले, शिट्ट्या वाजल्या. बाळासो दोनदा परत आले, दोनदा निघाले. शेवटी त्यांनी गाडी बंद केली आणि मान खाली घालून मैनाची दोरी तिथंच उभ्या असलेल्या हंबीररावांच्या हातात दिली.

“आकारामकाका आलेच नाहीत!” अक्षता रस्त्याकडं बघत म्हणाली.

प्रसेनजीत मात्र जागेवर नव्हता. मैदानालगतच्या ज्ञानूमामांच्या दुकानासमोर लाल राजदूत दिसताच तो तिकडं पोचला होता. तिथं टायरांच्या ढिगामागं आकाराम बसला होता!

“काका!”

“आलतो रं... पन शिंगं बघितली. केवढी गुलाबी हायत ती!”

“काका, हंबीररावांनी दोरी हातात घेतलीय!”

एवढं पुरे झालं. आकारामनं डोळे मिटून किक मारली.

फट्! फट्! फट् फट् फट् फट्!

मैदानात मैनाचे कान टवकारले. तिनं एक हिसडा दिला. दोरी सुटली आणि हंबीरराव धपकन मातीत बसले! लाल राजदूत मैदानात शिरली आणि मैना तिच्या दिशेनं वाऱ्यासारखी निघाली. लोक बाजूला झाले. “आली गं आय!” आकारामनं गाडी मधोमध कशीबशी स्टँडला लावून बंद केली आणि तो थेट हलगीवाल्यांच्या मागं पळाला!

मैना गाडीपाशी पोचली. तिनं सीट हुंगली. मग मान वर करून इकडं तिकडं बघायला लागली. पुन्हा सीट हुंगली, पुन्हा गर्दीकडं बघितलं. आणि हंबरली.

“बघितलंत, आबा?” अक्षता वडिलांचा हात ओढत म्हणाली. “गाडी सापडली तरी ती पळत नाही. ती तुम्हाला शोधतेय! गाडीच्या आवाजावरनं तिला कळतं तुम्ही कुठं चाललाय. दुसऱ्या गाडीवर तुम्ही तिला ओळखू येत नाही, एवढंच!”

बाळासो सावकाश चालत गेले. मैनाच्या कपाळावरून हात फिरवला आणि राजदूतवर बसले. एक किक!

“चल मैने! हुर्रर्र!”

आणि मैना सुटली! धूळ, हलग्या, आरोळ्या! कवड्यांची माळ उडत होती. गुलाबी शिंगांच्या नुसत्या दोन रेघा दिसत होत्या. मैदानाच्या टोकाला बाळासोंनी हाक दिली, आणि मैनानं पुढचे दोन्ही पाय आभाळात उचलले!

“पयला नंबर मैना! पयला नंबर बाळासो!”

पंचांनी नारळ दिला आणि मानाचा फेटा पुढं केला. बाळासोंनी तो घेतला, पण डोक्याला लावला नाही. त्यांनी अक्षताला पुढं बोलावलं.

“पावणं, ऐका जरा! म्हैस मी पळवली, पन ती मला कळली न्हाई. ही पोरं सांगत हुती, तर मी म्हनलं किल्ला करा जावा. चुकलो मी.” आणि सगळ्या मैदानासमोर त्यांनी स्वतःच्या हातानं अक्षताच्या डोक्याला फेटा बांधला. तो इतका मोठा होता, की खाली तिचं नाक तेवढं दिसत होतं!

टाळ्या थांबेनात. हंबीरराव पँट झटकत उठले आणि म्हणाले, “बाळासो, असली पोरं गोठ्यात असल्यावर व्यापाऱ्याचं काय चालायचं?”

“गाडी परत देता का, पावणं?” बाळासोंनी आकारामला विचारलं.

“आत्ताच घ्या!” तो हलगीमागूनच ओरडला. “फकस्त मला घरापतूर कुनीतरी सोडा!”

मीनाताई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी आधी तिघांचे गुडघे, मग कोपरं तपासली. कुठंही खरचटलं नव्हतं. मग प्रसेनजीतच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “शाब्बास! बघायला शिकलास. मोठ्या माणसांनाही ते सहसा जमत नाही.”

“आई, खूप भूक लागलीय.”

“सकाळपासून काही खाल्लं नाहीत?” त्यांचा आवाज चढला.

फेट्याखालून अक्षता म्हणाली, “काकू, आधी मैनाला पेंड. मग आम्ही!”

आणि ती दोरी न धरताच चालू लागली. मैना तिच्या मागोमाग निघाली.