चौऱ्याऐंशी टक्के ओल

"स्टार्ट मारू नका! ओ मॅडम, किल्ली काढा... स्टार्ट मारू नका!"

तळघरातल्या पार्किंगमध्ये आवाज भिंतींवर आपटून परत आला. ती आपल्या पांढऱ्या गाडीच्या उघड्या दाराशी उभी होती. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक. रात्रभर धो धो पाऊस पडला होता. रस्त्यावरचं पाणी उतारावरून आत शिरलं, पहाटे ओसरलं आणि जाताना घोट्याएवढं मागे ठेवून गेलं.

"मारणारच नव्हते," ती म्हणाली. "पान एकशे अठ्ठेचाळीस. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन सुरू करू नये."

ओरडणारा माणूस पाणी तुडवत जवळ आला. अंगात निळा डगला, खिशात पक्कड, कपाळावर काजळीचा ओरखडा. शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीसाठी बोलावलेला मेकॅनिक. तो तिच्याकडे न बघता पुस्तकाकडेच बघत राहिला.

"चौदा वर्षं झाली मला या धंद्यात," तो म्हणाला. "हे पुस्तक उघडलेला माणूस आज पहिल्यांदा पाहतोय."

"पुस्तकं उघडण्यासाठीच असतात."

"बाकीच्यांचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं, मॅडम."

ती हसली... आणि स्वतःच दचकली.

सोमवार होता. सोमवारी सकाळी तिचा आवाज नीट फुटत नसे. औषधांच्या कंपनीतल्या तपासणी विभागात ती काम करायची. शुक्रवारी संध्याकाळी तिथून निघताना "येते" म्हटलं, की पुढे दोन दिवस बोलायला कुणी नसायचं. रविवारी आईचा फोन यायचा, पण त्यात बोलायचं काम आईच करायची. म्हणून सोमवारी तोंड धुताना ती आरशासमोर दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" म्हणून घसा चालतो ना, हे तपासून घ्यायची. आज ते राहून गेलं होतं. तरी हसू स्वच्छ बाहेर पडलं होतं.

मेकॅनिकनं दारातून डोकं आत घातलं, डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला.

"पाणी कार्पेटच्या वर चार बोटं. सीटला लागलेलं नाही. इंजिन वाचलं."

"हे सगळं वासावरून?"

"आमचा धंदाच नाकावर चालतो."

"मग आता बॉनेट उघडून ती इंजिन ऑइलची पट्टी कशाला ओढून बघताय?"

"तुमच्यासारख्यांचं समाधान व्हावं म्हणून." त्यानं पट्टी तिच्यासमोर धरली. तेल स्वच्छ, तपकिरी होतं. पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ दिसलं असतं. "झालं समाधान?"

"अर्धं," ती म्हणाली.

गाडी त्यानं त्याच दिवशी टो करून गॅरेजवर नेली. मंगळवारी संध्याकाळी ती बसने तिथे गेली. दाराशी टेबल टाकून मेकॅनिकची आत्या बसली होती. गॅरेज तिचं होतं. नवरा गेल्यावर तिनं ते बंद पडू दिलं नव्हतं. तिच्याकडे गिऱ्हाइकांना नावं नव्हती, नंबरप्लेटवरचे शेवटचे चार आकडे हीच ओळख.

"अरे, चाळीस-बारा आली बघ!" आत्यानं आत हाक मारली. "ये गं बाई, सांभाळून. जमिनीवर ऑइल आहे. मागच्या महिन्यात त्रेसष्ट-शून्य-पाच इथेच सपशेल आडवे झाले."

तिच्या गाडीचं पोट मोकळं झालं होतं. कार्पेट उपसून दोरीवर टाकलं होतं, त्याखालचा जाड फोम अजून ठिबकत होता, आणि सीटा भिंतीशी रांगेत मांडल्या होत्या. मेकॅनिक त्यांच्यासमोर उकिडवा बसून एकेका कनेक्टरमधलं पाणी पुसत होता.

"गाडी किती वर्षांची म्हणालात?"

"चार."

"ड्रायव्हरची सीट चार वर्षांची दिसते. ही शेजारची..." त्यानं हाताचा तळवा सीटवर दाबला. गादी टणकन वर आली. "ही तर शोरूममधून आजच आलीय. कुणी बसत नाही?"

"बॅग बसते," ती म्हणाली.

तो हसला नाही. त्यानं फडक्याला हात पुसले, कुठूनतरी एक स्टूल आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. कनेक्टर पुसता पुसता तो बोलत राहिला. पाणी घुसलं की गाडी लगेच मरत नाही, हळूहळू कुजते. कोपऱ्यात राहिलेली ओल सहा महिन्यांनी डोकं वर काढते. ती ऐकत होती. परत जाताना बसमध्ये तिच्या लक्षात आलं, की आपणही बरंच बोललो.

बुधवारी ती दोन आर्द्रतामापकं घेऊन आली. काडेपेटीएवढी, आकडे दाखवणारी. तिची स्वतःची होती.

"एक गाडीत ठेवायचं, एक भिंतीवर," तिनं समजावलं. "सकाळी तुमचा पंखा लावून वाळवा. दुपारी दारं बंद करा. मी साडेसहाला येऊन काचेतून आकडा वाचीन. दार उघडलं की आकडा हलतो, म्हणून काचेतूनच. आतला आणि बाहेरचा आकडा एक झाला, की गाडी कोरडी."

"आणि माझं नाक?"

"नाकाला दशांश चिन्ह नसतं."

"बघ रे, बघ," आत्या टेबलावरून म्हणाली. "इतकी वर्षं सगळ्यांच्या गाड्यांत नाक खुपसलंस. आज कुणीतरी भेटलं."

मेकॅनिकनं मापक हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "माणसांना लावता येतं का हो हे? आतलं-बाहेरचं एक आहे का, ते बघायला?"

"माणसांत ते एक झालेलं मी तरी अजून मोजलेलं नाही," ती म्हणाली, आणि तिचे कान गरम झाले.

काचेवर तिनं एक कागद चिकटवला. तारीख, आतला आकडा, बाहेरचा आकडा, सही. बुधवारी आत त्र्याण्णव, बाहेर सत्तर. गुरुवारी आत शहाऐंशी. शुक्रवारी एकोणऐंशी. रोज साडेसहाला ती काचेला नाक लावून वाकायची, तो दुसऱ्या गाडीखालून विचारायचा, "किती?" ती आकडा सांगायची, तो "शाब्बास" म्हणायचा. शाब्बास गाडीला की तिला, हे तिनं विचारलं नाही. मग चहा, मग आत्याचे टोमणे, मग तो सरपटत बाहेर येऊन तिला दिवसभरातल्या गाड्यांचे वास सांगायचा: जळका क्लच, मेलेला उंदीर, सीटखाली आठवडाभर विसरलेलं केळं. तो तोंडं वेडीवाकडी करून सगळ्याचं वर्णन करायचा आणि ती पोट धरून हसायची. त्यानं एकदाही स्वतः वाकून आकडा पाहिला नव्हता.

शुक्रवारीच त्यानं दार उघडून श्वास घेतला होता. "मला तर आजच कोरडी वाटते. उद्या तुमचं यंत्रही हेच म्हणेल. मग काय, चालली चाळीस-बारा घरी."

ते ऐकून आनंद व्हायला हवा होता.

शनिवारी साडेसहाला ती काचेवर वाकली. आत एकाहत्तर. भिंतीवर सत्तर. एका टक्क्याचा फरक. तो यंत्रातच असतो. गाडी कोरडी ठणठणीत होती. सोमवारी सीटा बसतील, मंगळवारी ती किल्ली घेईल, "येते" म्हणेल, आणि पुन्हा... आरसा.

"किती?" गाडीखालून आवाज आला.

नाकासमोर चालणारी मुलगी, असं सगळे तिच्याबद्दल म्हणत. नोकरीच्या नऊ वर्षांत एक आकडा तिनं इकडचा तिकडे केला नव्हता.

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली.

गाडीखालची खुडबुड थांबली. "काल एकोणऐंशी होतं ना?"

"वाढलंय."

तो बाहेर आला, उभा राहिला. कपाळाला आठी. "मग कुठंतरी पाणी अडकलंय. मला कसं कळलं नाही?"

"तुम्हीच बघा," असं ती म्हणाली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. तिनं दार उघडून आतलं मापक उचललं, भिंतीवरचंही काढलं आणि दोन्ही पर्समध्ये टाकली. "यांच्या बॅटऱ्या बदलायला हव्यात. सोमवारी आणते." कागदावर तिनं आकडा लिहिला: चौऱ्याऐंशी. सहीसुद्धा केली.

रविवारी आईचा फोन आला. "आवाज काय छान येतोय गं तुझा आज," आई म्हणाली. "बरी आहेस ना?" ती बरी होती. दिवसभर ती बरी होती. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना "मला कसं कळलं नाही?" हे त्याचं वाक्य आठवलं, आणि हातातली घडी तशीच राहिली.

सोमवारी ती गॅरेजमध्ये शिरली, तेव्हा आत्यानं हाक मारली नाही. नुसतं मानेनं आत दाखवलं.

गाडीचा डॅशबोर्ड जमिनीवर होता. त्यामागच्या वायरी बाहेर लोंबत होत्या, हवेच्या नळ्या सुट्या करून वर्तमानपत्रावर मांडल्या होत्या, प्रत्येकीखाली कोरड्या कागदाचा तुकडा. एकाही कागदावर डाग नव्हता.

"काल सुट्टी असून सकाळपासून हेच करत बसला," आत्या हळूच म्हणाली. "पाणी सापडेना. आज सकाळी उठून नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, नाक उत्तम आहे. तर म्हणतो, डॉक्टरला काय कळतंय! तूच समजाव बाई. दुपारी एक गाडी आली. वायर जळल्यासारखा वास येतोय, असं वाटलं याला. पण म्हणाला, माझ्या वाटण्याचा भरवसा नाही. दिली दुसऱ्या गॅरेजकडे पाठवून. आपल्या हातानं!"

तो गाडीच्या उंबऱ्यावर बसला होता. तिला पाहून त्यानं हात पुढे केला. "आणलंत यंत्र? द्या. आता त्याच्याच भरवशावर आहे मी."

तिनं पर्स उघडली नाही.

"तुमचं नाक बरोबर होतं," ती म्हणाली.

"काय?"

"शनिवारी आत एकाहत्तर होतं. शुक्रवारी तुम्ही म्हणालात ना... ते खरं होतं. गाडी कोरडी आहे."

"म्हणजे यंत्र बिघडलं होतं?"

"यंत्र ठीक होतं." तिचा आवाज सोमवारसारखा झाला. "मी खोटं बोलले."

त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. बाहेर एक गाडी मागे घेताना पिंपिं करत राहिली, मग थांबली.

"दोन दिवस," तो म्हणाला, "मला वाटलं आपलं नाक गेलं. तुमच्याकडे डिग्री आहे, यंत्रं आहेत. माझ्याकडे दुसरं काय आहे? तुमच्या आकड्यापुढे मी ते खोटं मानलं. का, तर तुम्ही सांगितलं म्हणून."

तिला "सॉरी" म्हणायचं होतं. पण ते आकड्याएवढं खरं वाटेना. ती गाडीच्या काचेपाशी गेली. पेन काढलं. चौऱ्याऐंशीवर एकच आडवी रेघ मारली.

"आमच्याकडे चुकलेला आकडा गिरगटून टाकायचा नसतो," तिनं पाठमोरीच सांगितलं. "एकच रेघ. जुना आकडा वाचता आला पाहिजे. चूक दिसली पाहिजे." शेजारी तिनं एकाहत्तर लिहिलं. सही केली, तारीख घातली. "आणि मग कारण लिहायचं."

"मग लिहा की."

तिनं पेन टेकवलं. अशी शेकडो कारणं तिनं लिहिली होती. वाचनातली चूक. उपकरणातला दोष. घाईत अंक बदलला. आज त्यातलं एकही चालणार नव्हतं. तिनं बारीक, सरळ अक्षरात एक ओळ लिहिली आणि बाजूला झाली.

तो उठून काचेपाशी आला, आणि आज पहिल्यांदा वाकला.

'गाडी कोरडी झाली असं सांगितलं असतं, तर इथे यायला मला कारण उरलं नसतं.'

त्याची नजर त्या ओळीवरून एकदा गेली. मग पुन्हा. मग पुन्हा.

"हे तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"बोलायची सवय नाही मला."

"आठवडाभर तर चांगलं बोलताय!"

"इथेच," ती म्हणाली.

टेबलापाशी आत्यानं नसलेल्या फोनवर "हॅलो, हॅलो" करत बाहेरचा रस्ता धरला.

"माझा राग गेलेला नाही," शेवटी तो म्हणाला. "सांगून ठेवतो."

"दिसतोय. नाकावरच आहे."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. त्यानं तो लगेच आवरला. जमिनीवरच्या डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. "हे परत बसवायला चार दिवस लागतील. कुणी हाताशी असलं तर दोन."

तिनं डॅशबोर्डकडे पाहिलं, वायरींकडे पाहिलं. प्रयोगशाळेतलं प्रत्येक यंत्र ती स्वतः खोलून स्वतः जोडत असे.

"मला स्क्रूड्रायव्हर धरता येत नाही," ती म्हणाली.

"खोटं."

"खोटं," तिनं ताबडतोब कबूल केलं. "पण चार दिवसांचं."

आता मात्र त्याला हसू आवरलं नाही. तो खाली बसला, पहिला स्क्रू उचलला, आणि तो फिरवता फिरवता वर न बघता विचारलं, "आणि पाचव्या दिवशी? तेव्हा काय कारण लिहिणार?"

"पाचव्या दिवशी," ती म्हणाली, "मी विनाकारण येईन."