मेलेल्यांच्या रांगेत

निर्मळच्या हरेश्वरला मरायला जायचं होतं, आणि त्याची बायको हंसा त्याला भाकरी बांधून देत होती. राजोडीच्या किनाऱ्यावर एका मालिकेचं शूटिंग चाललं होतं. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रज-अमेरिकनांची लढाई, आणि हरेश्वर त्यात मेलेला इंग्रज शिपाई. लाल कोट घालून वाळूत पडायचं, 'कट' ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. इतकं आरामाचं काम त्याला जन्मात मिळालं नव्हतं.

पहाटेच दादरला फुलं पोचवून आलेला माणूस तो. पडल्या पडल्या गाढ झोपला. संध्याकाळी उजेड गेला, 'कट' झालं, बाकीचे मेलेले उठून चहाला गेले. खडकाआडच्या हरेश्वरची कोणाला आठवणच राहिली नाही.

"ऊठ रे... पानी आला."

कानाशी कोणीतरी कुजबुजत होतं. हरेश्वर डोळे न उघडताच पुटपुटला, "गप. कट नाय झाला अजून."

"मी पन असाच पडून रायलो... मना कोनी उठवला नाय."

त्याने डोळे उघडले. शेजारी एक उघडाबंब माणूस पडला होता, कमरेला नुसतं फडकं. डांबराचा आणि ओल्या दोराचा वास येत होता.

"कुठला रे तू?"

"हितलाच, राजोडीचा. इंग्रजांच्या जहाजावर खलाशी... लांबच्या दर्यात अमेरिकनांनी तोफ डागली."

हा गडी संवाद पाठ करतोय, असं हरेश्वरला वाटलं. तेवढ्यात लाट नाकातोंडात शिरली. भिजलेला कोट त्याला उठू देईना. मग एका थंडगार हाताने मनगट धरून त्याला ओढलं. कोरड्या वाळूवर येऊन त्याने मागे पाहिलं, तर नुसतं पाणी होतं.

घरी सांगताना त्याचे दात वाजत होते. हंसाने डोळे पुसले.

"भूत असो, कोणी असो. त्यानं माझं कुंकू राखलं. उद्या जाऊन उपकार मान त्याचे."

"भुताचे?"

"हो, भुताचेच!"

दुसऱ्या सकाळी शूटिंग सुरू होताच तो त्याच जागी आडवा झाला, शेजारी माणसापुरती जागा ठेवून. "दादा," तो हळूच म्हणाला, "तुझ्यामुळं काल पोरांसोबत जेवलो. जन्मभर विसरणार नाही."

शेजारची वाळू सावकाश खचली... माणूस आडवा व्हावा तशी. ऐन ओहोटीत तिथे पाणी साचू लागलं. हरेश्वर तरीही हलला नाही.

"कट!"

सगळे कपडे झटकत उठले. हरेश्वरने घाबरत घाबरत त्या खळग्यावर हात धरला.

"ऊठ, दादा... लढाई संपली."

हात इतका जड झाला की खांदा निखळतो की काय असं वाटलं. त्याने जीव खाऊन ओढलं, आणि एकदम हात हलका झाला.

इथे तर सगळ्यांच्याच पायात बूट होते. तरी खळग्यापासून अनवाणी, ओली पावलं निघाली होती. समुद्राकडे नव्हे, गावाकडे. आणि हरेश्वरच्या डोळ्यांदेखत पुढचं पाऊल उमटत होतं.