शिळं पाणी

दिवा राहू द्या तसाच, त्या टबाला तो लागतोच. बसा, सांगतो.

त्या संध्याकाळी मी फक्त कमळ उपटायला गेलो होतो. शोभेचे मासे विकणारा दुकानदार दुसऱ्या दिवशी ते न्यायला येणार होता. दूरच्या उष्ण जंगलातलं, दिवेलागणीला उमलणारं दुर्मीळ कमळ. बायकोनं कुठूनसा त्याचा बोराएवढा कंद मिळवला आणि बाथरूमशेजारच्या खोलीत टबात लावला. लाड तर विचारू नका! आम्हाला शिळं वाढणं तिला खपायचं नाही, पण कमळाला पाणी मात्र शिळंच हवं. नळाच्या पाण्यातल्या औषधानं पानं जळतात, म्हणून बादली भरून दिवसभर उघडी ठेवायची. औषधाचा वास उडाला की मगच टबात ओतायची. मी एकदा ताजं ओतलं, तर दोन दिवस अबोला धरला होता.

पानं यायची, फूल कधीच नाही. दवाखान्यात निघताना, लेकीसमोर, चपला घालता घालता ती म्हणाली, "फूल आलं की हाक मारा हं. असेन तिथून येईन." मग दाराशी वळून, "येते."

आली नाही.

तिच्यामागे मी नेमानं शिळं पाणी घालत राहिलो, तरी पानं कुजत गेली. मला बघवेना. शेवटी बादली तिथेच दारामागे उपडी घातली आणि आठवडाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

त्या संध्याकाळी दार उघडलं, तर टब काठोकाठ भरलेला. एरवी दिव्याखाली आठवड्यात चार बोटं पाणी उडतं. खोलीत गोडसर, ओला वास होता. मधोमध एक कळी... माझ्या डोळ्यांदेखत एकेक पाकळी सोडत होती.

लेक परगावी असते. तिला फोन लावला.

"तू येऊन गेलीस का गं?"

"नाही बाबा. का?"

"फूल आलंय..."

ती हळूच म्हणाली, "आईला हाक मारलीस?"

नव्हती मारली. भुताची भीती नव्हती हो. हाक मारली आणि कुणीच आलं नाही, तर? मग ती खरंच गेली, असं झालं असतं. तरी मारली. "अगं... उमललं बघ."

घर गप्पच. टबाच्या कडेवर डोकं टेकून मी लहान मुलासारखा रडलो.

तोंड धुवायला उठलो. दारामागची बादली सरळ उभी होती. भरलेली. वाटलं, मघाशी आपणच भरली असेल, भान नसेल राहिलं. ओंजळ भरून नाकाशी नेली.

औषधाचा वास नव्हता. पाणी शिळं होतं... माझ्या हाकेची वाट न बघता, कालच कुणीतरी भरून ठेवलेलं.