थिएटर गप्प बसतं तेव्हा

चित्रपट सुरू झाला की रंगराव मिठारी पडद्याकडे पाठ करून बसत. सवय जुनी होती. कोल्हापुरात चाळीस वर्षं त्यांनी संकलक म्हणून रिळं कापली आणि जोडली, आणि प्रत्येक चित्रपटाच्या पहिल्या खेळाला पुढच्या रांगेत उलटी खुर्ची टाकून लोकांची तोंडं बघितली. पडदा काय, कधीही बघता येतो, असं ते कुणी न विचारताही सांगत.

आता ते काम खुर्च्याच करत होत्या. खुर्चीच्या हातात बसवलेला भाववेधक प्रेक्षकाची नाडी, श्वास आणि हालचाल टिपायचा आणि हसू कुठे, रडू कुठे, कंटाळा कुठे याचा आलेख काढायचा. कंटाळा दिसला की संकलनयंत्र तेवढा भाग छाटून टाकायचं. गेल्या पाच वर्षांत नवेच नव्हे, जुने चित्रपटही या कात्रीखालून गेले होते.

आज पाळी रंगरावांच्याच चित्रपटाची होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी जोडलेला. त्यात मुलगा गेल्याची तार येते आणि आई काही न बोलता भाकऱ्या थापत राहते. सवयीनं त्याच्या वाटणीचीही थापते. साडेतीन मिनिटं, मध्ये एकही काप नाही. निर्मात्याशी भांडून त्यांनी तो प्रसंग अखंड ठेवला होता. आता यंत्र म्हणत होतं, वीस सेकंद पुरे. आणि चित्रपटाच्या मालकांनी ठरवलं होतं, यापुढे नवी प्रतच दाखवायची.

यंत्र चालवत होती त्यांची नात केतकी.

“हे बघा आबा,” तिनं आलेख पुढे केला. “पन्नाशीच्या पुढचे ढसाढसा रडलेत. पंचविशीच्या आतल्या एकाच्याही डोळ्यात पाणी नाही. सगळ्यांना कंटाळा.”

“तुमच्या पिढीला काळीजच न्हाई गं!”

ते चेष्टेनं बोलायला गेले, पण आवाज कडू निघाला. तीन वर्षांपूर्वी रंगरावांची बायको गेली. घर हंबरडा फोडत होतं आणि ही पोर आजीच्या उशाशी दिवसभर नुसती बसून होती. डोळ्यांत टिपूस नाही. रंगरावांनी ते मनात धरलं होतं, बोलले मात्र कधीच नव्हते.

केतकीनं मान खाली घातली. “दहाला शेवटची चाचणी आहे. कॉलेजची मुलं येतायत. बाराला प्रत पाठवायचीय.”

दहा वाजता रंगराव पुढच्या रांगेत पाठमोरे बसले. पोरं खिदळत आली, शेंगा फोडत, एकमेकांना ढोसत. तासाभरानं पडद्यावर तार आली, आणि भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला.

एका मुलीचा शेंग धरलेला हात तोंडाशी जाता जाता थांबला. मागच्या दोघांची कुजबुज तुटली. कुणी रडलं नाही, पण कुणी हललंही नाही. रंगराव एकेक तोंड बघत गेले. कंटाळलेली माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. ती चुळबुळतात, जांभया देतात, दाराकडे बघतात. ही पोरं जागच्या जागी थिजली होती. साडेतीन मिनिटांनी भाकऱ्या थापून झाल्या तेव्हा सगळ्या रांगांनी एकदम श्वास सोडला.

ते तरातरा यंत्राच्या खोलीत गेले.

“केतकी, हे यंत्र कंटाळा कशाला म्हणतंय?”

“नाडी मंद, श्वास सावकाश, हालचाल नाही. म्हणजे कंटाळा.”

“हे त्याला शिकवलं कुणी?”

“तुम्हीच की, आबा.”

खरंच होतं. सात वर्षांपूर्वी यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं त्यांना जाणकार म्हणून बसवून प्रेक्षकांच्या हजारो चित्रफिती दाखवल्या होत्या. त्यांच्या उमेदीच्या काळात लोक रडले की हुंदके देत आणि खूश झाले की फेटे उडवत. थिएटर गप्प बसलं की चित्रपट आपटला, हे त्यांनी पक्कं धरलेलं. गप्प चेहरा दिसला की ते बेलाशक ‘कंटाळा’ हे बटण दाबत गेले होते.

“थांबव,” ते म्हणाले. “मी चुकलो, असं लिही. सही घे माझी.”

शिकवणाऱ्यानं नोंद मागे घेतली तर छाटणी थांबवता येत होती. केतकीनं ती थांबवली, आणि हळूच विचारलं, “आबा, पाच वर्षांत छाटलं ते?”

रंगरावांच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही आलं होतं. उशाशी बसलेली, थिजलेली एक पोर.

“केतकी... आजी गेली तवा तू गप्प बसली हुतीस.”

तिची बोटं कळांवर तशीच थांबली. डोळे कोरडे, पापणीही हलेना. रंगरावांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर, तिच्या तोंडाकडे बघत बसले.

“मी कधी इचारलंच न्हाई गं. आता सांगशील?”